दोन खाचांचा हिरवा

बस डेपोपासून जुन्या बाजारापर्यंत सरळ चालत गेलं ना, की तो हिरवा दिसतोच. शिंप्याच्या पाटीवर आहे, चष्मेवाल्याच्या पाटीवर आहे, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या एवढ्याशा फळीवर पण आहे. काचेच्या बाटलीसारखा गडद, बघितलं की डोळ्यांना गार वाटणारा, आणि त्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं. आता सगळ्यांनी छापील प्लास्टिकच्या पाट्या लावल्या, पण या आठ-दहा जणांनी जुन्या पाट्या काही उतरवल्या नाहीत. का, तर "पेंटरकाकांचा हिरवा आहे तो, पुन्हा कुठून आणायचा?"

पेंटरकाका म्हणजे गल्लीतले सगळ्यांचे पेंटरकाका. त्यांचं खरं नाव फक्त वीजबिलावर असतं. वय अडुसष्ट, अंगाने काडी, मिशी मात्र अशी की जणू स्वतःच्याच ब्रशने ओढली आहे. पस्तीस वर्षं पाट्या रंगवल्या. हात असा की रेघ आखायला पट्टी नको, गोल काढायला ताटली नको. आणि तो हिरवा! शेजारच्या गावातले पेंटर येऊन चहा पाजायचे आणि हळूच विचारायचे, "काका, काय काय मिसळता हो?" काका मिशीत हसायचे आणि म्हणायचे, "ते हातात असतं बाबा."

आणि खरी गंमत म्हणजे पेंटरकाकांना हिरवा दिसतच नाही!

म्हणजे डोळे ठणठणीत. पण लाल आणि हिरवा त्यांना दोन्ही सारखेच दिसतात, मातकट. लाल जरा गडद असला आणि हिरवा पण गडद असला की मग तर संपलंच, जुळी भावंडं. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना हे कळलं, तेव्हा ते आधीच एका वस्तादाकडे ब्रश धुवायला लागले होते आणि अक्षरांच्या प्रेमात पडले होते. सांगितलं असतं तर त्याच दिवशी वस्तादाने दारातून परत पाठवलं असतं. मग काय, झाकली मूठ.

ती मूठ उघडली फक्त एका माणसासमोर. लग्नाला तीन दिवस झाले होते. काकू न्हाणीघरातून ओरडल्या, "अहो, ती हिरवी बादली द्या जरा." काकांनी लाल दिली. "हिरवी हो!" काकांनी ती परत नेली आणि तीच पुन्हा आणली. काकू डोक्याला साबण लावलेल्या तशाच दार उघडून बघत राहिल्या. "थट्टा करताय का माझी?" आणि नवऱ्याचा चेहरा बघून त्यांना कळलं की थट्टा नाही.

काकूंनी त्या दिवशी कुणाला काही सांगितलं नाही, पुढे पण नाही. उलट दुसऱ्या दिवशी डबे लावले. फळीवर डावीकडून पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा, आणि हा क्रम जो मोडेल त्याचे हात मोडीन म्हणाल्या. ब्रशच्या दांड्याला चाकूने खाचा पाडल्या. एक खाच म्हणजे लाल, दोन खाचा म्हणजे हिरवा. काका काम करताना बघायचेच नाहीत, अंगठ्याने चाचपायचे. आणि रंग कालवायच्या काकू, स्वयंपाकघरात, दार लावून. त्या हिरव्यात चमचाभर काळा, दोन थेंब निळा आणि अजून कायकाय घालायच्या ते त्याच जाणोत. पस्तीस वर्षं सगळं गाव ज्या हिरव्यासाठी काकांची पाठ थोपटत होतं तो हिरवा काकूंचा होता!

एकदाच घोटाळा झाला. काकू तापाने झोपल्या होत्या, पाहुण्यांच्या मुलाने डबे इकडचे तिकडे केले, आणि काकांनी रोपवाटिकेच्या पाटीवर झकास झाड काढलं, पानं सगळी लालभडक. मालक बघतच राहिला. काकांची पाचावर धारण बसली. मालक म्हणाला, "वा! पानगळ! हे सुचतं कसं हो तुम्हाला?" त्या पाटीचं कौतुक दोन वर्षं चाललं. काकू मात्र अजून भांडणात काढतात, "पुरे झालं, पानगळवाले."

तर अशी ती मूठ मुलीलाही कधी दिसली नाही. मुलगी एकुलती एक, चिंगी. एकतीस वर्षांची झाली तरी चिंगीच. बाबांच्या मांडीवर बसून अक्षरं गिरवत मोठी झाली, आणि आता पाट्या नाही, मोबाइलच्या स्क्रीन रंगवते. बेकरीच्या वरच्या मजल्यावर पाच जणांचं ऑफिस, सकाळपासून पावाचा वास, तिथे ती डिझाइनर. आणि या वर्षी तिला पहिल्यांदा अख्खं काम एकटीला मिळालं होतं. एका दवाखान्याला म्हाताऱ्या पेशंटसाठी ॲप हवं होतं. गोळ्यांची वेळ झाली की ते आठवण करून देणार, आणि आठवडाभराचा तक्ता दाखवणार. सात दिवस, दिवसाला तीन ठिपके. गोळी घेऊन बटण दाबलं की ठिपका हिरवा, तासाभरात नाही दाबलं की ठिपका लाल. बस. म्हाताऱ्या माणसांना अजून काय वाचायला लावायचं?

आणि हिरवा कुठला? अर्थातच बाबांचा.

"बाबा, तीन आठवडे झाले मी तुमच्या हिरव्यामागे आहे," चिंगी एका संध्याकाळी चप्पल काढता काढताच सांगायला लागली. "शिंप्याच्या पाटीचा फोटो काढला, सकाळी काढला, दुपारी काढला. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर काय दिसतो! आणि स्वस्तातल्या फोनवर टाकला की पार काळा. बाहेर उन्हात नेला की अजून काळा. मग एक कण उजळ केला तर पोपटी व्हायला लागला. शेवटी जमला. सगळे ना हल्ली तोच निळा वापरतात, नाहीतर तो भडक हिरवा, डोळ्यात टोचणारा. आजारी माणसाला कशाला टोचायचं? गडद हिरवा शांत असतो. त्यावर पांढरी अक्षरं ठेवली की लांबून पण वाचता येतात. हे तुम्हीच शिकवलं ना मला?"

"हं," काका म्हणाले.

"आणि लाल पण मग तसाच घेतला, गडद, मरून. भडक लाल बघून म्हाताऱ्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. दोन्ही एका घरातले वाटले पाहिजेत."

काकू आतून कपबशा घेऊन येत होत्या, त्या तिथेच थांबल्या. काकांकडे बघितलं. काका मिशी बघत होते, म्हणजे डोळे खाली.

"रंगाला नाव काय दिलं माहितीये?" चिंगीने फोन पुढे केला. "बाबा-हिरवा. आमच्या फाइलमध्ये तसंच लिहिलंय. ऑफिसात सगळे तसंच म्हणतात."

काकांना हसू आलं, रडू पण आलं, आणि तक्त्यात बघितलं तर एकवीस मातकट ठिपके.

चाचणी आठ दिवसांची होती. आठ जणांना ॲप दिलं, त्यातले आठवे काका, कारण त्यांना ब्लडप्रेशरची गोळी होतीच. आणि नशीब बघा, दुसऱ्याच दिवशी काकूंच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि काकू पिशवी भरून निघाल्या. दारात उभं राहून हळू आवाजात म्हणाल्या, "सांगून टाका तिला."

"काय सांगू?"

"जे आहे ते."

"अगं तिने माझं नाव दिलंय रंगाला! आता सांगू की बाबाला तो दिसत नाही? हात दाखवून अवलक्षण."

"मग बसा चाचपत," काकू म्हणाल्या. "फोनला खाचा नसतात, एवढं लक्षात ठेवा."

पहिले दोन दिवस काकांनी डोकं चालवलं. गोळी घेतली की कॅलेंडरवर पेन्सिलने टिंब. तिसऱ्या दिवशी पेन्सिल हरवली. चौथ्या दिवशी सकाळी गोळी घेतली, मग जरा वेळाने घेतली का नाही तेच आठवेना, तक्ता उघडला तर सगळे ठिपके एकसारखे, डोळे मिचकावून बघितले, खिडकीत नेऊन बघितले, शेवटी म्हणाले जाऊ दे, आणि अजून एक गोळी घेतली. दुपारी जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कठड्याला धरून पाच मिनिटं बसून राहिले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं काका?" "काही नाही, बुटाची नाडी." पायात चप्पल होती.

रविवारी सकाळी चिंगीने चहा ठेवला आणि समोर बसली, वही घेऊन. हेच तिने बाकी सात जणांना आधी विचारलं होतं.

"बाबा, तक्ता बघून सांगा. मंगळवारी दुपारची गोळी घेतली होती?"

काकांनी डोळे बारीक केले. "घेतली."

"अहो, लाल आहे ना!"

"हो, लालच की. राहिली म्हणतोय मी."

"बुधवार सकाळ?"

"राहिली."

"हिरवा आहे, बाबा." चिंगीचं पेन थांबलं. "शुक्रवार रात्र?"

काका म्हणाले, "चहा उतू जातोय बघ."

चहा काही उतू जात नव्हता. चिंगी उठली, गोळ्यांचं पाकीट आणलं, मोजलं. पुन्हा मोजलं. एक गोळी कमी. ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. पण त्या दाराची फट काकांनीच कधी बुजवली नव्हती.

"आई, बाबांचं काहीतरी बिनसलंय गं," आवाज आतपर्यंत येत होता. "समोर बघून चुकीचं सांगतात. दोनदा गोळी घेतली, त्यांना माहीत पण नाही. विसरायला लागलेत ते... नाही गं, ॲपमध्ये काही नाही, बाकी सात जणांना एका झटक्यात कळलं. सात जणांना! आणि बाबांना रंग कळणार नाही का? त्यांना? जगात कुणालाही नाही कळला तरी त्यांना कळेल. म्हणजे डोक्याचंच आहे. मी परवाची वेळ घेते डॉक्टरांची. उद्या हे काम देऊन टाकते दवाखान्याला, चारशे लोकांच्या फोनमध्ये जाणार आहे... आई, तू बोलत का नाहीयेस?"

काकू बोलत नव्हत्या, कारण पस्तीस वर्षांत त्यांनी ही मूठ आपण होऊन कधी उघडली नव्हती आणि आता पण उघडणार नव्हत्या. ती काकांची होती.

गॅलरीतून नाक ओढल्याचा आवाज आला. लहानपणी गुडघा फुटला की ओढायची तसाच.

काका खाटेवर बसून राहिले. खरं सांगायचं तर एक क्षण त्यांना बरंच वाटलं. विसरभोळा म्हातारा म्हटलं की लोक हळहळतात, दार उघडून देतात. रंग न दिसणारा पेंटर म्हटलं की लोक हसतात, मागून हसतात, पाट्यांकडे बोट दाखवून हसतात. डॉक्टर काय, दोन प्रश्न विचारेल, गोळी देईल. गप्प बसावं. आतापर्यंत बसलोच की.

पण चारशे लोक. चारशेतल्या अर्ध्यांना मिशा असणार. त्यातल्या कुणाकुणाला सगळे ठिपके मातकट दिसणार, आणि त्यांना वाटणार आपणच विसरलो, आणि ते अजून एक गोळी घेणार, आणि त्यांच्या जिन्याला कठडा असेलच असं नाही. आणि ते सगळं चिंगीच्या पहिल्या कामावर. बाबा-हिरव्यावर!

त्यांनी काकूंना फोन लावला.

"काय हो?"

"मी सांगतो तिला."

काकू म्हणाल्या, "ब्रश घेऊन जा. नुसतं सांगाल तर अर्ध्यातून पळून याल."

सोमवारी चिंगी ऑफिसला गेली आणि तासाभराने काका बेकरीचा जिना चढले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन ब्रश काखेत. वर सगळ्यांनी त्यांना बघितलं आणि खुर्च्या सरकल्या. "हेच का ते हिरवेवाले बाबा!" कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी फोटो काढू का विचारलं. चिंगीची बॉस, तिला सगळे ताई म्हणायचे, हात जोडत पुढे आली. चिंगी मात्र घाबरून उभी राहिली. "बाबा? एकटे आलात? रस्ता सापडला?"

"पस्तीस वर्षं याच रस्त्यावर पाट्या लावल्या गं."

"बरे आलात काका," ताई म्हणाली. "अर्ध्या तासात पाठवायचंय, शेवटचं तुम्हीच सांगा." तिने मोठी स्क्रीन वळवली. त्यावर वीतभर आकाराचे दोन ठिपके. "हा घेतलेल्या गोळीचा, हा राहिलेल्या. जोडी कशी वाटते?"

काकांनी बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"मला दोन्ही एकच दिसतात."

सगळे हसले. ताई म्हणाली, "काका काय नम्र आहेत!"

"नम्र नाही हो. दिसत नाही. लाल कुठला, हिरवा कुठला, मला कळत नाही. कधीच कळला नाही."

हसणं एकेकाचं थांबत गेलं. काकांनी कागद सोडला आणि ब्रश पुढे केला. "हा बघ. एक खाच, लाल. हा दोन खाचांचा, हिरवा. मी बघून कधी रंगवलंच नाही चिंगे. अंगठ्याने रंगवलं."

चिंगीने ब्रश घेतला. त्या खाचा तिने शंभरदा बघितल्या होत्या, लहानपणी त्यात नख घालून खेळली होती. "तुम्ही म्हणायचात हे पकड बसावी म्हणून आहे."

"बसायचीच की पकड."

"आणि तो हिरवा? कालवायचं कोण?"

विचारता विचारताच चिंगीला स्वयंपाकघराचं ते बंद दार आठवलं, आईच्या नखांतला रंग आठवला, जो आई म्हणायची डबे पुसताना लागतो. आणि मग ती जी भडकली! "म्हणजे मी काल रात्रभर रडतेय की माझे बाबा मला विसरणार, आणि तुम्हाला नुसतं हे सांगायला लाज वाटत होती? आणि शाळेत असताना माझ्या चित्रांना दहापैकी चार मार्क द्यायचात तुम्ही! 'रंगसंगती कच्ची' म्हणून!"

"तुझी आई मागून खुणा करायची."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग ताई हसली, मग चिंगी रडता रडता हसली आणि बाबांच्या खांद्यावर एक गुद्दा घातला आणि तिथेच डोकं टेकलं. "डोकं ठीक आहे ना पण तुमचं? नक्की?"

"पस्तीस वर्षं सगळ्या गावाला फसवलं. बिघडलेलं असतं तर जमलं असतं?"

ताईने मात्र घड्याळ बघितलं नाही, तक्ता बघितला. मग म्हणाली, "आपण आठ जणांत तपासलं. पुरुष किती होते?"

चिंगीने वही उघडली. सहा बायका, चष्मेवाला आणि बाबा. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. शंभर पुरुषांत निदान तीन-चार जणांना असं असतं हे तिने कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं. पण बाबांना नाही दिसला तर चूक रंगाची असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. डोकं बिघडलं असेल हे आलं!

"काढून टाकते मी हिरवा," ती म्हणाली. "सगळं नव्याने करते."

"का काढतेस?" काका पहिल्यांदा पेंटरच्या आवाजात बोलले. "हिरव्याने काय केलंय? चांगला आहे म्हणतात सगळे, तर असेल चांगला. राहू दे. फक्त सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर नको टाकू. खाच दे त्याला."

"स्क्रीनला कशी खाच देऊ?"

काकांनी टेबलावरचा खडू उचलला, मागच्या फळ्यावर एका दमात दोन गोल काढले, पट्टी नाही, ताटली नाही. एक गोल पूर्ण भरला आणि त्यात बरोबरची खूण कोरी सोडली. दुसरा पोकळ ठेवला, नुसती कड, आणि ती कड पण एका बाजूला तुटलेली. "घेतली ती भरलेली. राहिली ती रिकामी. अंधारात पण कळेल. आता दे तुला हवा तो रंग."

ताईने दवाखान्याला फोन करून दोन दिवस मागून घेतले. चिंगीने ते दोन दिवस अक्षरशः खुर्ची सोडली नाही, आणि या वेळी चाचणीला काकांनी आपली जुनी गिऱ्हाइकं पकडून आणली, शिंपी, कुलूपवाला, रोपवाटिकेचा मालक, सगळे मिशीवाले. त्यांना काकांनी स्वतःच सांगितलं. एकदा ऑफिसात सांगून झाल्यावर पुढचं सोपं होतं. शिंपी म्हणाला, "म्हणजे माझ्या पाटीवरचा हिरवा...?" "हिरवाच आहे रे, घाबरू नको." रोपवाटिकेचा मालक ऐकता ऐकता एकदम म्हणाला, "थांबा थांबा! पानगळ!" आणि असा हसला की खोकला लागला. आणि कुलूपवाला, तो सगळ्यात शेवटी, जाता जाता हळूच म्हणाला, "काका, मला पण ते जुने ठिपके सारखेच दिसले असते. मला वाटायचं सगळ्यांनाच तसं दिसतं."

बुधवारी दुपारी काकू बहिणीकडून थेट ऑफिसातच आल्या, पिशवीसकट. चिंगीने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि फाइल उघडून दाखवली. रंगाच्या चौकोनाखाली 'बाबा-हिरवा' लिहिलं होतं. ते तिने खोडलं आणि लिहिलं, 'आई-हिरवा'.

काकूंनी पदराने चष्मा पुसला. सगळे बघत होते, आता रडतील म्हणून. काकू पुढे झुकल्या, चौकोनाकडे बघितलं, मग स्क्रीन जरा वाकडी करून बघितलं, मग लांब होऊन.

"निळा कमी पडलाय," त्या म्हणाल्या.

"आई! तीन आठवडे लागलेत मला!"

"लागू देत. दोन थेंब कमी आहेत. माझं नाव लावायचं तर नीट लाव."

चिंगीने कपाळावर हात मारला आणि माउस हातात घेतला. "असा?"

"अजून."

"असा?"

"थांब, मागे ये जरा. हां. हां, हा बघ."

ऑफिसातल्या सगळ्यांनी मान डोलावली. चिंगीने बाबांकडे बघितलं. काका शेजारच्या खुर्चीत मिशीवर बोट ठेवून दोन्ही चौकोन, जुना आणि नवा, अगदी पारखून बघत होते.

"काय बाबा, फरक पडला ना?"

"पानगळवाल्यांना काय विचारतेस," काकू म्हणाल्या, आणि काका एवढे हसले की खालच्या बेकरीवाल्याने वर डोकावून बघितलं.